सेकंड हँड ऑडी घेताना

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, काही उद्योजक आणि व्यावसायिक मंडळींनी एकत्र येऊन एकदम दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या. साधारण पासष्ट कोटींचा सौदा! देशभरच्या पेपरांत बातम्या आल्या. तेव्हा आपण सगळे बालवाडीत होतो, पण घरी मोठ्या माणसांना ही गोष्ट अजून आठवते. त्या गाड्यांचं पुढे काय झालं हे मात्र कोणी छापलं नाही. खरं तर न सांगताही कळण्यासारखं आहे. असा मालक पाच-सात वर्षांनी नवीन गाडी घेतो आणि जुनी गाडी एक पायरी खाली उतरते. आधी शहरातल्या दुसऱ्या हातात, मग जिल्ह्याच्या गावी, मग तालुक्याला. आज जळगाव, भुसावळच नाही तर बोदवडसारख्या ठिकाणीही ऑडी, बीएमडब्ल्यू दिसते, ती बहुतेक वेळा अशी उतरत उतरत आलेली असते.

यात सगळ्यात जास्त मोह पडतो तो छोट्या लक्झरी एसयूव्हीचा. आपल्याकडे बीएमडब्ल्यूची एक्स-वन २०१० च्या डिसेंबरात आली, ऑडीची क्यू-थ्री २०१२ मध्ये, मर्सिडीजची जीएलए २०१४ मध्ये आणि व्होल्वोची एक्ससी-फॉर्टी २०१८ मध्ये. क्यू-थ्रीची जुळणी शेंद्र्याला, जीएलएची चाकणला, म्हणजे दोन गाड्या तर महाराष्ट्राच्याच म्हणायला हरकत नाही. आणि भाव? दहा-अकरा वर्षांची क्यू-थ्री सात लाखांत मिळते. एवढ्या पैशांत नवीन गाडी घ्यायला गेलं तर साधी छोटी गाडी येते.

नेमकं हेच गणित बोदवडच्या माझ्या मामांच्या डोक्यात बसलं. जळगावच्या एका डीलरकडे २०१४ ची क्यू-थ्री, डिझेल, क्वाट्रो, ऑटोमॅटिक, एमएच-१२ पासिंग, किंमत सात लाख. मामांनी अकरा हजार टोकन देऊन मग मला फोन केला. "अगं माय, सात लाखात चार बांगड्यांची गाडी येऊ राहिली. तू इंजिनियर होऊ राहिली ना? मग चल पाहायला."

हौस म्हणून असती तर मी विषय थट्टेवारी नेला असता. पण दादाला, म्हणजे मामांच्या मुलाला, एकतीस पूर्ण झाली. बीएस्सी ॲग्री आहे, नऊ एकर कपाशी-मका सांभाळतो. पाहुणे येतात, घर बघतात, चहा पितात, 'कळवतो' म्हणून जातात आणि कळवत कोणी नाही. शेवटच्या वेळी मध्यस्थाने मामांना बाजूला घेऊन सांगितलं की दारात जरा बरी गाडी पाहिजे. दारात जुनी बोलेरो आहे. सात लाख म्हणजे ठिबकचे आणि नवीन बोअरचे ठेवलेले पैसे. मामींचं म्हणणं वेगळंच होतं. "प्यायचं पाणी विकत घेऊ राहिलो आपण, गाडी कशानं धुणार?" बोदवडचं पाणी ज्यांना माहीत आहे त्यांना हा प्रश्न विनोद वाटणार नाही.

आता अभ्यासाकडे वळू.

पहिली गोष्ट म्हणजे सात लाखांची गाडी ही सात लाखांची नसते. ही क्यू-थ्री नवी असताना रस्त्यावर यायला तीस लाखांच्या पुढे लागत. हिशेबाला तीस धरू. अकरा वर्षांत तीसचे सात झाले, म्हणजे दरवर्षी किंमत आदल्या वर्षाच्या साधारण साडेबारा टक्क्यांनी कमी होत गेली. (चक्रवाढ व्याजाचं उलटं गणित, कॅल्क्युलेटरवर करून बघा.) पण गाडीचे पार्ट असे घसरत नाहीत. गिअरबॉक्सचा मेकॅट्रॉनिक युनिट, टर्बो, इंजेक्टर, हेडलाइट हे सगळे तीस लाखांच्या गाडीचेच राहतात, उलट महागाईने वर जातात. नव्या गाडीत जो खर्च किमतीच्या पाच टक्के वाटतो तोच खर्च अकराव्या वर्षी वीस टक्क्यांच्या वर जातो. गाडी स्वस्त होते आणि तिला ठेवणं महाग होतं, दोन्ही एकाच वेळी. माझ्या मते अशा गाडीसाठी किमतीच्या निदान पाचवा हिस्सा पहिल्या वर्षाच्या कामांसाठी बाजूला ठेवता येत नसेल तर शोरूमची पायरीही चढू नये. सात लाखांच्या मागे दीड लाख. मामांना हे सांगितलं तर म्हणाले, "बोलेरोला एवढे दहा वर्षात नाही लागले."

शिवाय बोलेरोचा मेकॅनिक बोदवडच्या स्टँडजवळ मिळतो. ऑडीचं कंपनीचं वर्कशॉप आपल्याला जवळचं म्हणजे संभाजीनगर. जामनेर, फर्दापूर, अजिंठ्याचा घाट, सिल्लोड करत दीडशे किलोमीटरच्या आसपास. बंद पडलेली ऑटोमॅटिक क्वाट्रो दोरीने ओढून नेता येत नाही, चारही चाकं उचलून फ्लॅटबेडवर न्यावी लागते. घरातून निघण्याआधी हा खर्च विचारून ठेवावा.

आता प्रत्यक्ष गाडी. आम्ही मे महिन्यात दुपारी दोनला गेलो, आणि तेही मुद्दाम. डीलर संध्याकाळी या म्हणत होता. जळगावच्या उन्हात पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना कूलिंग, एसी, बॅटरी, गिअरबॉक्स सगळ्यांची एकदम परीक्षा होते. थंडीतल्या सकाळी कुठलीही गाडी चांगलीच चालते. एकच तपासणी मात्र थंड इंजिनावरच करावी लागते, ती म्हणजे पहिल्या स्टार्टची. म्हणून आधीच सांगून ठेवावं की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका, आणि पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून बघावा. (मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीवर हा उपाय चालत नाही, सावलीतली गाडी मागावी.)

शोरूममधला मनुष्य सगळं मामांशी आणि दादाशी बोलत होता. मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही आत बसून एसी बघा." मी आत बसले ते बरंच झालं, कारण ओबीडीचं सॉकेट स्टीअरिंगच्या खालीच असतं. आपल्याकडे एप्रिल २०१३ पासून गाड्यांना ओबीडी-टू आलं. म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरशी ठरलेल्या भाषेत कोणालाही बोलता येतं. हजार रुपयांच्या आत मिळणारा ब्लूटूथ अडॅप्टर आणि मोबाईल एवढं पुरतं. सगळे जण त्यात फक्त फॉल्ट कोड बघतात. कोड नाही म्हणजे गाडी ओके! पण कोड पुसायला एक बटण पुरतं. म्हणून त्याच यादीतला दुसरा आकडा बघायचा. कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, हे इंजिनचा कॉम्प्युटर स्वतः मोजत असतो. या गाडीत तो आकडा होता ९. म्हणजे कोणीतरी नुकतेच, जवळपास शोरूमच्या आवारातच म्हणा, सगळे कोड पुसले होते. पुसण्यात गुन्हा नाही, दुरुस्तीनंतरही पुसतात. पण मग दुरुस्तीचं बिल दाखवा. बिल नव्हतं.

यावर उपाय सोपा आहे. गाडी भरपूर चालवायची. खरा दोष असेल तर कोड परत येतो. आम्ही हायवेने भुसावळपर्यंत जायचं म्हटलं. डीलरने आढेवेढे घेतले, पण मामांनी 'डिझेल मी टाकतो' म्हटल्यावर एक मुलगा सोबत देऊन चावी दिली.

रस्त्यात एक गंमत दिसली. डॅशबोर्डवरचा पाण्याच्या टेंपरेचरचा काटा ९० वर खिळ्याने ठोकल्यासारखा स्थिर होता. सोबतचा मुलगा कौतुकाने म्हणाला, बघा, जर्मन कूलिंग. मोबाईलवर मात्र खरा आकडा ८८ पासून १०३ पर्यंत फिरत होता. फोक्सवॅगन ग्रुपच्या गाड्यांत हा काटा मुद्दामच तसा बसवलेला असतो. साधारण ७५ ते १०५ च्या मधलं काहीही असलं तरी तो ९० दाखवतो, म्हणजे मालक उगाच घाबरत नाही. त्यामुळे या गाड्यांत काटा बघून कूलिंगचा निर्णय करता येत नाही. एसी चालू, पंचेचाळीस अंश, लागोपाठ चढ आणि गाडी भरलेली असताना १०३ काही वाईट नाही, पण खाली यायला तिला फार वेळ लागत होता. रेडिएटरमध्ये कचरा किंवा पंखा अर्धवट, असा माझा अंदाज.

गिअरबॉक्सकडे येऊ. हा ड्युअल क्लच प्रकार आहे. एक क्लच विषम गिअर सांभाळतो, दुसरा सम. पुढचा गिअर आधीच लावून ठेवलेला असतो, फक्त एक क्लच सुटून दुसरा धरतो, म्हणून तो एवढा झटपट चालतो. या क्यू-थ्रीत क्लच तेलात बुडालेले, म्हणजे 'वेट'. कोरड्या क्लचपेक्षा उन्हात आणि ट्रॅफिकमध्ये ते जास्त टिकतात, पण घासलेल्या क्लचची पावडर त्याच तेलात उतरते, म्हणून साधारण साठ हजार किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदलावंच लागतं. 'लाइफटाइम ऑइल' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या हॅल्डेक्स कपलिंगचंही वेगळं तेल असतं, आणि ते तर पुष्कळदा कोणाच्या लक्षातच राहत नाही. तपासायचं असं: ब्रेक सोडून गाडी नुसती रांगू द्यायची, चढावर रिव्हर्स घ्यायची, एक-दोन-एक गिअरमध्ये हळू चालवायची. वेगात सगळे गिअरबॉक्स चांगले वाटतात, दोष रांगताना कळतो. आमच्या गाडीने साकेगावच्या पुढे ट्रकमागे रांगताना दोन-तीनदा हिसका दिला.

इथे एक चुकीची समजूत दूर करते. मामांचे एक मित्र खिशात चुंबक घेऊन आले होते. सगळीकडे चिकटलं, बॉनेटला आणि डिक्कीला नाही. "पूर्ण पुट्टी भरेल आहे, ठोकलेली गाडी!" असा निकाल त्यांनी देऊन टाकला. वास्तविक या क्यू-थ्रीचं बॉनेट आणि डिक्कीचं दार ॲल्युमिनियमचं असतं, चुंबक चिकटणारच नाही. चुंबकापेक्षा काचा बघाव्यात. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात कंपनी आणि वर्षाची खूण असते, एकच काच वेगळ्या वर्षाची निघाली की का बदलली ते विचारायचं. टायरवर चार आकडे असतात, ३२१८ म्हणजे २०१८ चा बत्तिसावा आठवडा. इथे पुढचे दोन टायर २०२२ चे आणि मागचे २०१६ चे होते. साध्या गाडीला हे चालून जातं, पण चारचाकी ड्राइव्हमध्ये टायर कमी-जास्त झिजलेले असले की व्यास वेगळा, फिरण्याची गती वेगळी, आणि तो फरक कपलिंग आपल्या अंगावर घेत राहतं. शिवाय नऊ-दहा वर्षांचं रबर खानदेशच्या डांबरावर एकशे दहाने पळवणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

पुरात बुडालेल्या गाड्यांबद्दलही दोन ओळी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा मुंबईत किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते सर्वांना माहीत आहे. अशी गाडी धुऊन-पुसून लांब विकली जाते. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतला भाग कोणी धूत नाही, गाळाची रेघ तिथे राहते. स्टेपनीची जागा आणि सीटखालचे रूळही बघा. आमची गाडी यात पास झाली.

भुसावळला ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे मोठा स्कॅनर होता. माझा अडॅप्टर इंजिनपुरता, त्याचा स्कॅनर सगळ्या मॉड्यूलशी बोलतो. मीटरवर ७१ हजार किलोमीटर होते. मला त्याआधीच शंका होती. अकरा वर्षांत ७१ हजार म्हणजे वर्षाला साडेसहा हजारांच्याही आत. वर्षाला एवढंच फिरणारा मनुष्य डिझेल क्वाट्रो कशाला घेईल? ड्रायव्हर सीटची बाहेरची कड चेपलेली, ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत. पण ही झाली शंका, पुरावा नाही. पुरावा असा मिळतो: या गाड्यांत फॉल्ट नोंदवताना कॉम्प्युटर त्या क्षणाची परिस्थितीही लिहून ठेवतो, वेग, तापमान, आणि त्या वेळचे किलोमीटर. इंजिनचे कोड पुसले तरी बाकीच्या मॉड्यूलमधले पुसायचे राहून जातात. पार्किंग सेन्सरच्या मॉड्यूलमध्ये एक जुना फॉल्ट पडून होता आणि त्याच्यापुढे किलोमीटर होते १,१८,४००. मीटरच्या आकड्यापेक्षा सत्तेचाळीस हजार जास्त! आणि तेही त्या फॉल्टच्या वेळचे, आजचे नव्हे.

मामा बराच वेळ त्या स्क्रीनकडे बघत होते. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही, पण आकडे येतात.

किलोमीटर खोटे असण्यात फसवणूक तर आहेच, पण इंजिनियरिंगच्या दृष्टीने त्याहून वाईट गोष्ट म्हणजे सर्व्हिसचं सगळं वेळापत्रक खोटं पडतं. या दोन लिटर डिझेलला टायमिंग बेल्ट आहे, साखळी नाही. बेल्ट तुटला की वर आलेला पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि इंजिन उघडावं लागतं. बेल्ट किलोमीटर किंवा वर्षं, जे आधी येईल त्याप्रमाणे वॉटर पंपासकट बदलतात. आता खरे किलोमीटर किती हेच माहीत नसेल तर बदलणार कधी? उत्तर एकच, घेतल्या घेतल्या. तो खर्च किमतीतून वजा करून मागा. पहिल्या पिढीच्या एक्स-वन डिझेलमध्ये साखळी आहे, पण ती इंजिनच्या मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला. तिथून खडखड येऊ लागली तर पोहोचण्यासाठी इंजिन उतरवण्यापर्यंत काम जातं. म्हणून त्या गाडीचा थंड स्टार्ट कान देऊन ऐकावा.

२०१५ च्या आधीची ऑडी डिझेल असेल तर आणखी एक प्रश्न विचारा. धुराच्या चाचणीत लबाडी करणाऱ्या सॉफ्टवेअरचं प्रकरण आठवत असेल. डिसेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन ग्रुपने भारतातल्या ३,२३,७०० गाड्या परत बोलावण्याची घोषणा केली, त्यांत ऑडीच्या ३६,५०० होत्या. तो अपडेट या गाडीत झाला का, हे चॅसी नंबरवरून कंपनीच्या वर्कशॉपला सांगता येतं. याच चौकशीत खरा सर्व्हिस रेकॉर्डही हाती लागू शकतो.

आणि एप्रिल २०२० नंतरची डिझेल बघत असाल तर आपली धाव किती आहे ते आधी बघा. बीएस-सहा डिझेलला काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो स्वतःला जाळून साफ करतो, पण त्यासाठी पंधरा-वीस मिनिटं सलग हायवेचा वेग लागतो. घर ते शेत चार किलोमीटर आणि घर ते मार्केट दोन किलोमीटर एवढीच गाडी फिरणार असेल तर फिल्टर तुंबणार. अशा घरात पेट्रोलच घ्यावी, ॲव्हरेज कमी मिळालं तरी.

कागदपत्रं मी थोडक्यात सांगते, कारण कंटाळवाणी आहेत. पण इथेच जास्त लोक बुडतात. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या म्हणजे गाडी नावावर झाली असं समजून लोक वर्षानुवर्षं फिरतात. सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव तोच मालक, अपघाताची भरपाई त्याच्याच माथी. म्हणजे विकणाऱ्यालाही घाई पाहिजे. बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. इन्शुरन्स आपल्या नावावर चौदा दिवसांत करून घ्यायचा, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. नो क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही, तो आपल्याला मिळत नाही. परराज्यातली स्वस्त गाडी असेल तर जास्त सावध राहा. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ साली हरित लवादाने बंदी आणली, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली, २०२५ मध्ये थोडी ढील दिली. मधल्या काळात तिथल्या कितीतरी गाड्या कमी भावात बाहेर गेल्या. तिकडची एनओसी, इकडचा टॅक्स आणि नवा नंबर हे सगळं धरून मग भाव करा. आणि हो, २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर सेससकट पन्नास टक्क्यांपर्यंत जाणारा कर सरळ चाळीस टक्के झाला. दीडशेची वस्तू एकशेचाळीसला आली, म्हणजे नवी गाडी जवळजवळ पावणेसात टक्क्यांनी उतरली. जुनीचा भाव सांगताना डीलर हे स्वतःहून बोलणार नाही, आपण बोलायचं.

आमच्या डीलरने स्कॅनरचा फोटो बघून आधी "आमच्याकडे आली तेव्हा एवढेच होते" म्हटलं, मग सहा लाख, मग साडेपाच. साडेपाचला मामा परत डळमळले. तेव्हा पूर्ण वेळ गप्प बसलेला दादा बोलला. "घाटात बंद पडली तर आणायला मलाच जावं लागेल. कापूस वेचायच्या दिवसात मी नाही जाणार." एवढंच. पाहुण्यांचा विषय त्याने काढला नाही, आमच्यापैकीही कोणी काढला नाही.

टोकनचे अकरा हजार परत यायला तीन आठवडे लागले. पावती होती म्हणून आले. ठिबकच्या नळ्या जूनच्या आधी शेतात पडल्या. मामा अजून रात्री मोबाईलवर जुन्या गाड्यांच्या जाहिराती बघत बसतात. परवा नाशिकच्या एका एक्स-वनचा फोटो पाठवला आणि खाली विचारलं होतं, "हिची साखळी मागे आहे का पुढे?"